उलट बाजू

दुकानात शिरले की मी आधी कपडा उलटा करते.
पारकरांच्या दुकानातली मृणाली आता ओळखते मला,
पुतळ्याच्या अंगावरचं काही दाखवतच नाही.
मागच्या फळीवरून खालचा गठ्ठा ओढते
आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवते,
म्हणजे हिला वेळ लागणार.

टाके किती जवळ आहेत ते बघते.
काजात नख घालून ओढते, बटण पिळते,
आतल्या चिठ्ठीला एक जादा बटण टाचलंय का, चाचपते.
कापड मुठीत चुरगळून दहापर्यंत आकडे मोजते, सोडते.
मग शिवणीची माया.
मायाच म्हणतात तिला, आत दुमडून ठेवलेल्या
त्या बोटभर जास्तीच्या कापडाला.
पुतळ्याच्या अंगावरच्या झग्यात ती नव्हती,
किंमत मात्र होती दोन हजार.

हे शिक्षण वेंगुर्ल्याच्या हवेचं.
इथं लोखंडी चेन दुसऱ्या पावसाळ्यात तांबते
आणि ऐन घाईत अर्ध्या पाठीवर अडून बसते.
पर्सच्या कड्या हिरव्या पडतात,
रेक्झिन आषाढात साल सोडतं
उकडलेल्या रताळ्यासारखं.
म्हणून चेन प्लास्टिकची, बक्कल पितळेचं,
पट्टा चामड्याचा असलाच
तर दर रविवारी त्याला खोबरेलाचं एक बोट.

चुकले नाही असं नाही.
पतपेढीत लागले त्या वर्षी
सगळ्या जणी खांद्याला भोक असलेले टॉप घालत होत्या.
मीही घेतला. मोरपंखी. साडेआठशे.
दुसऱ्यांदा घातला तेव्हा गिरपसाहेब
चष्म्यावरून बघत काळजीनं म्हणाले,
"गो, खांद्याकडे उसवला मां तुझा?"
आता त्यानं स्कूटीची सीट पुसते.
पुसायलाही धड नाही, पाणी धरत नाही.

त्याच महिन्यातला निळा कुर्ता, सव्वापाचशेचा,
साधा गळा, कोपरापर्यंत बाही,
कुणी वळून बघावं असं त्यात काहीच नव्हतं.
मुलगी झाल्यावर बंदर रस्त्यावरच्या रज्जाकभाईंनी
त्याची माया सोडली,
अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे, तीस रुपये.
उसवलेल्या जागी दोन रेघा उमटल्या, मूळच्या निळ्या.
तेव्हा कळलं, बाकीचा किती विटला होता.

लाइटहाउसपाशी तोच. भावाच्या साखरपुड्यात तोच, वर ओढणी.
परवा पतपेढीच्या वर्धापनदिनालाही तोच.
फोनमध्ये फोटो पुढे-मागे सरकवले
तर माझ्याकडे बघून साल सांगता येत नाही.
शेजारी उभ्या असलेल्यांकडे बघून येतं.
याचा मला थोडा गर्व आहे.
थोडं कसंसंही होतं,
इतकी वर्षं गेली आणि मी एकाही वर्षाची नव्हते.

जत्रेत एकदा झुमके बघितले, चाळीस रुपयांचे.
नखानं खरवडले. मुलामा नखात आला.
आठवडाभराचे सोबती, हे कळत होतं,
शेजारच्या टपरीवर खाजं तोलणाऱ्यालाही कळलं असेल.
तरी घेतले, तिथेच घातले.
दशावतार सुरू होईपर्यंत
मी काही कारण नसताना मान हलवत राहिले.
कानाच्या पाळीला ते जड, गार, किणकिणते.

आठव्या दिवशी काळे पडले.
टाकले नाहीत.
जादा बटणांच्या डबीत आहेत.
एखादं बटण तुटलं की डबी उघडते,
निळं शोधते, पांढरं शोधते,
आणि दर वेळी बोटांना आधी तेच लागतात.

"ताई, बांधू हा?" मृणाली विचारते.
थांब जरा, म्हणते मी,
बाही अजून उलटी करायची राहिलीय.